कृष्णधवल प्रिंट मॉनिटरसारखी येत नाही: दोष नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

मॉनिटरवर वारकऱ्याच्या खांद्यावरच्या काळ्या घोंगडीची वीण धागा न् धागा दिसते. धोतराच्या निऱ्यांमध्ये पांढऱ्याच्या चार-पाच छटा वेगळ्या कळतात. प्रिंट हातात येते तेव्हा घोंगडीचा एकसंध काळा पट्टा झालेला असतो, चेहरा उतरलेला असतो आणि मागच्या दगडी दीपमाळेवर हिरवट झाक पसरलेली असते. मग फाइल उघडायची, कर्व्ह (छटा उजळ-गडद करणारा वक्र) थोडा वर उचलायचा आणि पुन्हा प्रिंट काढायची. आता चेहरा बरा दिसतो, पण धोतर पांढरंफटक पडतं आणि झाक तशीच राहते. पुढचा फोटो घेतला की हे सगळं पहिल्यापासून.

या एका तक्रारीत तीन निरनिराळे दोष मिसळलेले असतात: प्रिंट एकूणच काळवंडणं, करड्या छटांना रंग चढणं आणि गडद छटा एकमेकींत मिसळून जाणं. तिघांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. फोटोची फाइल बदलणं हा यांतल्या बहुतेकांवरचा उपाय नाही. मॉनिटर, खोलीतला उजेड, ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर), शाई आणि कागद या साखळीतली कुठली कडी चुकते आहे ते कळेपर्यंत फाइलला हात लावू नका, एवढं मी आग्रहाने सांगेन.

आधी करडी पट्टी छापा

फोटो बघून दोष ओळखता येत नाही, कारण फोटोतली छटा मुळात किती गडद असायला हवी हे आपल्या आवडीवर ठरतं. म्हणून २१ चौकोनांची करडी पट्टी करून घ्या: कागदाच्या कोऱ्या पांढऱ्यापासून पूर्ण काळ्यापर्यंत, दर पायरीला ५ टक्के. फोटोशॉपमध्ये एसआरजीबी प्रोफाइलची (प्रोफाइल म्हणजे फाइलमधल्या आकड्यांनी नेमका कुठला रंग दाखवायचा ते सांगणारी माहिती) नवी फाइल घ्या, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत ग्रेडियंट ओढा (डिदर काढून टाका, स्मूदनेस शून्य ठेवा) आणि त्यावर पोस्टराइज २१ लावा. चौकोनांना १ ते २१ क्रमांक द्या. पट्टीशेजारी तुम्हाला नीट माहीत असलेला एक फोटो ठेवा, ज्यात माणसाची त्वचा, पांढरा कपडा आणि काळं पण पोत असलेलं काहीतरी आहे. हीच तुमची चाचणीची फाइल. ती पुन्हा कधी बदलायची नाही.

ती नेहमीच्या सेटिंगने छापा, वाळू द्या आणि पट्टी वाचा. सगळे चौकोन वेगळे दिसतात, उतरंड सारखी आहे, रंग नाही, आणि तरीही प्रिंट मॉनिटरपेक्षा काळी वाटते, तर दोष छपाईत नाही. १८ ते २१ हे चौकोन एकच दिसतात, तर कागद, शाई किंवा ड्रायव्हरकडे बघायचं. पट्टीला रंग चढला आहे, तर तो पूर्ण पट्टीभर आहे की मधल्या काही चौकोनांतच, ते लिहून ठेवा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

प्रिंट काळी वाटते

सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार हीच, आणि बहुतेक वेळा तिचं मूळ उजेडात असतं. मॉनिटर स्वतः प्रकाश देतो. कागद फक्त खोलीतला प्रकाश परत पाठवतो. नवा मॉनिटर खोक्यातून काढला की त्याचा पांढरा साधारण २५० ते ३५० कॅन्डेला प्रति चौरस मीटर (पृष्ठभागाच्या उजळपणाचं माप, पुढे नुसतं कॅन्डेला) इतका उजळ असतो. कागदाचा पांढरा किती उजळ असेल? हिशोब सोपा आहे: कागदावर पडणारा उजेड लक्स या मापात घ्या, त्याला ०.९ ने गुणा (चांगला फोटो कागद साधारण ९० टक्के प्रकाश परावर्तित करतो) आणि ३.१४ ने भागा. टेबलावर ५०० लक्स उजेड असेल तर कागदाचा पांढरा सुमारे १४३ कॅन्डेला. ३०० लक्सला ८६. रात्री एका ट्यूबलाइटच्या खोलीत १५० लक्स पडत असतील तर जेमतेम ४३.

म्हणजे ३०० कॅन्डेलाच्या मॉनिटरशेजारी ४३ कॅन्डेलाची प्रिंट धरून आपण तिला काळी म्हणतो. तीच प्रिंट सकाळी खिडकीशी, थेट ऊन न पडणाऱ्या जागी न्या. घोंगडीची वीण अचानक दिसायला लागली तर प्रिंट बरोबर आहे. मॉनिटर फार उजळ आहे किंवा खोली फार अंधारी. या स्थितीत फाइल उजळ केली, तर दिवसा ती प्रिंट फिकट आणि पोकळ दिसेल.

उपाय दोन्ही बाजूंनी करायचा. मॉनिटरची ब्राइटनेस उतरवा. प्रिंटसाठी काम करणारे लोक ती साधारण ८० ते १२० कॅन्डेलावर ठेवतात. कॅलिब्रेशनचं (पडदा मोजून नीट बसवणारं) यंत्र असेल तर १०० कॅन्डेला, गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसतील ते ठरवणारा आकडा) २.२ पासून सुरुवात करा. स्पायडर किंवा कॅलिब्राइट यांपैकी कुठलंही चालेल. यंत्र नसेल तर ज्या कागदावर छापणार त्याचाच कोरा तुकडा, ज्या उजेडात प्रिंट बघणार त्या उजेडात मॉनिटरशेजारी धरा, पडद्यावर पूर्ण पांढरी खिडकी उघडा आणि दोन्ही पांढरे सारखे उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करा. पहिले काही दिवस पडदा मेलेला वाटेल. डोळे त्याला लवकर सरावतात.

दुसरी बाजू प्रिंट बघण्याच्या जागेची. प्रिंट बघण्याच्या उजेडासाठी आयएसओ ३६६४ या मानकात काटेकोर तपासणीला २००० लक्स आणि साध्या पाहणीला ५०० लक्स सांगितले आहेत, प्रकाश डी५० म्हणजे ५००० केल्व्हिनच्या आसपासचा. घरी २००० लक्सची गरज नाही. ५०० लक्स मात्र एका चांगल्या टेबल लॅम्पने मिळतात. बल्ब ५००० केल्व्हिनच्या जवळचा आणि सीआरआय (त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचा घ्या. फोनवरचं लक्स मीटर ॲप काटेकोर नसतं, पण १५० आणि ५०० मधला फरक ते नक्की सांगतं. दिव्याचा उजेड पडद्यावर पडणार नाही असा लॅम्प वळवा.

या विभागातली आणखी एक गोष्ट फार कमी लोक तपासतात. फोटोशॉप आणि लाइटरूमचा गडद करडा इंटरफेस फोटोला कडेने वेढून असतो, त्यामुळे फोटोतल्या मधल्या छटा असतात त्याहून उजळ भासतात. प्रिंटला मात्र पांढरी कड असते आणि पांढऱ्याच्या शेजारी त्याच छटा गडद दिसतात. हा डोळ्यांचा धर्म आहे, कुठल्याही कॅलिब्रेशनने तो जाणार नाही. म्हणून अंतिम निर्णय घेताना फोटोभोवती पांढरा कॅनव्हास लावा, इंटरफेस फिका करा आणि मग बघा. नुसत्या या एका बदलाने ‘प्रिंट काळी आली’ ही तक्रार अर्धी होते, असा माझा अनुभव आहे.

लॅपटॉपवर काम असेल तर स्वयंचलित ब्राइटनेस, नाइट लाइट, ट्रू टोन आणि बॅटरी वाचवण्यासाठी कॉन्ट्रास्ट बदलणारी ग्राफिक्स सेटिंग बंद करा. यांतलं एकही चालू असेल तर वरचा सगळा हिशोब दर तासाला बदलत राहतो. स्वस्त टीएन पॅनेलवर मान थोडी खाली-वर केली तरी गडद छटा बदलतात. अशा पडद्यावर सावल्यांचा निर्णय घेऊच नये. साधा आयपीएस मॉनिटर त्याहून कितीतरी भरवशाचा.

फाइलचा प्रोफाइलही तपासून घ्या, विशेषतः तुम्ही ग्रेस्केल मोडमध्ये काम करत असाल तर. फोटोशॉपच्या उत्तर अमेरिकी मूळ सेटिंगमध्ये ग्रेची कार्यजागा (वर्किंग स्पेस, म्हणजे करड्या फाइलचे आकडे कसे वाचायचे ते ठरवणारी सेटिंग) ‘डॉट गेन २० टक्के’ असते. ती ऑफसेट छपाईसाठी आहे: ५० टक्क्यांचा ठिपका कागदावर पसरून ७० टक्के होईल असं ती धरून चालते आणि फाइल त्या मानाने दाखवते. ही फाइल प्रोफाइल न वाचणाऱ्या लॅबच्या यंत्राला दिली की ते तिला गॅमा २.२ समजतं. ज्या छटेने ३० टक्के प्रकाश परत द्यायचा ती २२ टक्के देते. मधल्या सगळ्या छटा काळवंडतात, टोकाचे पांढरे-काळे मात्र जागच्या जागी. लक्षण हेच असेल तर ग्रेची कार्यजागा ‘ग्रे गॅमा २.२’ करा आणि बाहेर देताना फाइल एसआरजीबीत रूपांतरित करून द्या. नुसता प्रोफाइल चिकटवू नका, रूपांतरच करा.

करड्याला रंग चढतो

हिरवट, जांभळट, गुलाबी. कृष्णधवल छपाईत हे सर्वांत जास्त खुपतं, कारण रंगीत फोटोत जी झाक खपून जाते ती करड्यात लगेच डोळ्यात भरते.

पट्टी घेऊन आधी खिडकीशी जा, मग घरातल्या एलईडी बल्बखाली या. झाक दोन्हीकडे सारखीच असेल तर चूक सेटिंगमध्ये शोधा. उजेडाबरोबर झाक बदलत असेल, म्हणजे खिडकीशी तटस्थ आणि बल्बखाली गुलाबी, तर दोष शाईच्या मिश्रणात किंवा कागदात आहे. तो सेटिंग बदलून पूर्ण जाणार नाही.

सेटिंगमधली नेहमीची चूक म्हणजे रंगव्यवस्थापन दोनदा होणं. फोटोशॉपला ‘रंग मी सांभाळतो’ सांगितलं, कागदाचा प्रोफाइल निवडला आणि ड्रायव्हरमध्येही रंगदुरुस्ती चालूच राहिली. दोघेही आपापली दुरुस्ती लावतात आणि प्रिंट जांभळट, गडद येते. सॉफ्टवेअर सांभाळणार असेल तर ड्रायव्हरमध्ये ‘नो कलर ॲडजस्टमेंट’ हवंच. ड्रायव्हर सांभाळणार असेल तर सॉफ्टवेअरने हात काढून घ्यायचा. मधली वाट नाही. त्यानंतर मीडिया टाइप बघा: कागद लस्टर (हलक्या चमकेचा) आणि ड्रायव्हरमध्ये साधा कागद निवडलेला असेल तर शाईचं प्रमाणच चुकतं.

पट्टीच्या मधल्या काही चौकोनांतच झाक असेल तर नोझल चेक (प्रत्येक शाईची छिद्रं मोकळी आहेत का ते दाखवणारी चाचणी) काढा. फिकट निळ्या किंवा फिकट गुलाबी शाईची एखादी रेघ तुटलेली असेल, तर फिकट आणि मधल्या छटांत बरोबर विरुद्ध रंग डोकावतो. रंगीत फोटोत हे कळतही नाही. महिनाभर बंद राहिलेल्या प्रिंटरवर कृष्णधवल काम सुरू करण्याआधी नोझल चेक न चुकता करावा.

आता शाईकडे. एप्सनच्या एल८०५ किंवा एल१८०० सारख्या सहा रंगी प्रिंटरमध्ये काळी शाई एकच असते. फिकट करडा दाखवण्यासाठी तो प्रिंटर निळा, गुलाबी, पिवळा मिसळतो. भिंगातून कागद बघितला तर रंगीत ठिपके स्पष्ट दिसतात. या तिन्हींचा तोल एका उजेडात साधला तरी दुसऱ्या उजेडात तो बिघडतो, कारण प्रत्येक शाई प्रकाशातल्या निरनिराळ्या लहरी शोषते आणि प्रत्येक दिव्यात त्या लहरींचं प्रमाण वेगळं असतं. बाजारातली सुटी रिफिल शाई असेल तर कारखान्याने दिलेला प्रोफाइल तिला लागूच पडत नाही. अशा वेळी त्या शाई-कागदाच्या जोडीसाठी प्रोफाइल करून घेणं हाच उपाय.

म्हणूनच कृष्णधवल गंभीरपणे छापणाऱ्यांसाठी करड्या शाया असलेले प्रिंटर आले. २००५ मध्ये एप्सनने के३ शाया आणल्या. त्यांत काळ्याबरोबर फिकट काळी आणि अतिफिकट काळी अशा तीन पायऱ्या होत्या. आजच्या शुअरकलर पी७०० व पी९०० मध्ये आणि कॅननच्या इमेजप्रोग्राफ प्रो मालिकेतही करड्या शाया आहेत. त्यांच्या ड्रायव्हरमध्ये कृष्णधवलसाठी स्वतंत्र पद्धत असते. एप्सन तिला ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट म्हणतो. तीत बहुतेक करडा करड्या शायांतूनच येतो आणि रंगीत शाई फक्त झाक नेमकी बसवण्यापुरती. ती वापरताना सॉफ्टवेअरमध्ये ‘प्रिंटर रंग सांभाळेल’ हेच निवडायचं, कागदाचा (आयसीसी) प्रोफाइल निवडायचा नाही. तिथला ‘टोन’ हा पर्याय मुळात ‘डार्कर’वर असेल तर त्याहून फिका निवडून पट्टी पुन्हा छापा. बऱ्याच जणांची काळवंडलेली प्रिंट तेवढ्याने ताळ्यावर येते. याहून पुढे जायचं असेल तर रॉय हॅरिंग्टन यांचं क्वाडटोन रिप हे छपाईचं सॉफ्टवेअर आहे. एप्सनच्या अनेक प्रिंटरांवर ते प्रत्येक शाईचा वक्र स्वतंत्र ठरवू देतं. शिकायला वेळ लागतो, पण करड्याची सलग, स्वच्छ उतरंड बघितली की तो वेळ सार्थकी लागतो.

करडी शाई नसलेल्या प्रिंटरवर पूर्ण तटस्थ प्रिंटचा अट्टहास धरू नका. किंचित उबदार, तपकिरीकडे झुकणारा टोन फाइलमध्येच द्या. हिरव्या-गुलाबीची हेलकावणारी झाक त्यात बरीच दबते आणि जुन्या कृष्णधवल छायाचित्रांमुळे डोळ्यांना तो टोन ओळखीचाही असतो.

कागदाचीही तपासणी करा. अतिशुभ्र दिसणाऱ्या बहुतेक कागदांत ऑप्टिकल ब्राइटनर असतात. ते अतिनील किरण शोषून निळा प्रकाश परत देतात. खिडकीशी असा कागद निळसर शुभ्र दिसतो. अतिनील किरण जवळजवळ नसलेल्या एलईडीखाली तोच कागद पिवळट वाटतो आणि आपण शाईला दोष देतो. ब्राइटनर नसलेला कागद पहिल्यापासून किंचित पिवळसर असतो, पण सगळीकडे सारखाच. प्रदर्शनासाठी मी तोच निवडेन.

सावल्या बुजतात

उजेड नीट करूनही घोंगडी काळीच राहिली, तर कागद काय देऊ शकतो ते समजून घ्यायला हवं. कागदावरचा सर्वांत गडद काळा ‘डी-मॅक्स’ने मोजतात. मॅट कागदावर तो साधारण १.६ ते १.७ असतो, चांगल्या ग्लॉसी किंवा बरायटा (बेरियम सल्फेटचा थर असलेल्या) कागदावर २.३ च्या आसपास. आकडे जवळचे वाटतात, पण हे लॉगरिदम आहेत, म्हणजे एक अंक वाढला की प्रकाश दहापट कमी. १.६५ म्हणजे काळा भागही २.२ टक्के प्रकाश परत देतो, २.३ म्हणजे अर्धा टक्का. पांढऱ्या-काळ्याचं गुणोत्तर मॅटवर जवळपास ४० ला १, बरायटावर १८० ला १, आणि साध्या आयपीएस मॉनिटरवर १००० ला १.

डोळ्यांच्या मापात, म्हणजे शून्य ते शंभरच्या एल-स्टार पट्टीवर, मॅटचा काळा सुमारे १७ वर थांबतो. मॉनिटरवर ० ते १७ मध्ये तुम्ही जी वीण बघत होता तिला मॅट कागदावर जागाच नाही. ती वर सरकवून बसवावी लागते किंवा सोडून द्यावी लागते. बसवायची कशी, ते रेंडरिंग इंटेंट (कागदावर न मावणाऱ्या छटा बसवण्याची पद्धत) आणि ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (फाइलचा काळा कागदाच्या काळ्यावर आणून बसवणं) ठरवतात. रिलेटिव्ह कलरिमेट्रिक या इंटेंटबरोबर ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालू नसेल तर कागदाच्या काळ्याखालच्या सगळ्या छटा एकत्र गाडल्या जातात. पट्टीवर १९, २०, २१ एक झालेले दिसले की आधी हीच टिकमार्क बघा. मग मॅट कागदाला मॅट काळी शाई आणि ग्लॉसीला फोटो काळी शाई जाते आहे ना, तेही बघा. मॅटवर फोटो काळी गेली तर काळा राखाडीच राहतो.

फाइलला हात लावायची वेळ इथे येते. फोटोशॉपमध्ये ‘प्रूफ सेटअप’मध्ये (प्रिंट कशी येईल ते पडद्यावर दाखवणारी सोय) कागदाचा प्रोफाइल निवडून ‘सिम्युलेट पेपर कलर’ लावा. फोटो एकदम फिका आणि बेचव दिसेल. टिक करताना नजर दुसरीकडे वळवा, म्हणजे आधीच्या चित्राशी तुलना होणार नाही. आता कर्व्हचा फक्त खालचा चतुर्थांश भाग हलका उचला, जेणेकरून घोंगडीतले धागे एकमेकांपासून सुटतील. मधल्या छटा, विशेषतः चेहरा, जागेवर ठेवा. ही दुरुस्ती वेगळ्या लेयरवर ठेवून त्याला कागदाचं नाव द्या. मूळ फोटोचा निर्णय मूळच राहील आणि कागद बदलला की फक्त लेयर बदलेल. ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट वापरत असाल तर साधा प्रोफाइल लावून केलेलं प्रूफ खरं नसतं, कारण छपाईत तो प्रोफाइल वापरलाच जात नाही. तिथे भरवसा छापलेल्या पट्टीवरच ठेवावा.

काळं एवढं खोल हवं असेल की प्रेक्षक त्यात ओढला जावा, तर मॅटचा हट्ट सोडून बरायटा घ्या. वेरूळच्या बेसाल्टवरची तिरपी उन्हं, मंदिराचा गाभारा, रात्रीची गल्ली यांना मॅट कागद न्याय देत नाही. धुकं, पाऊस, म्हातारे चेहरे त्यावर फार सुंदर येतात.

लॅबमधून प्रिंट घेत असाल तर

मोठ्या डिजिटल लॅबमध्ये कृष्णधवल फोटोही बहुधा रंगीत रासायनिक कागदावरच छापला जातो. करडा तीन रंगद्रव्यांतून तयार होतो, त्यामुळे रसायनांचा तोल हलला की झाक येते. त्यात भर म्हणजे यंत्राची स्वयंचलित दुरुस्ती, आणि ऑपरेटर सवयीने दाबतो त्या सायन, मॅजेन्टा, यलो, डेन्सिटीच्या कळा. काळ्या घोंगडीने भरलेली फ्रेम यंत्राला ‘अंडर’ (कमी एक्स्पोज झालेली) वाटते आणि ते ती उजळ करून टाकतं.

म्हणून फाइल एसआरजीबीत, अचूक मापात द्या आणि ‘करेक्शन नको’ असं स्पष्ट लिहून द्या. प्रिंटच्या कापून टाकायच्या कडेवर २१ चौकोनांची पट्टी बारीक छापून घ्या. पुढच्या वेळी प्रिंट वेगळी आली तर दोन्ही पट्ट्या काउंटरवर शेजारी ठेवता येतात. मग आवडीनिवडीचा वाद उरत नाही, आणि चांगला ऑपरेटर अशी पट्टी बघून खुशीने मदत करतो. छापल्या छापल्या निकाल देऊ नका. इंकजेट प्रिंट निदान रात्रभर उघडी वाळू द्या, पावसाळ्यात त्याहूनही जास्त, कारण दमट हवेत कागद ओलावा धरतो आणि गडद छटांचा रूपरंग सावकाश बसतो.

प्रिंट फ्रेममध्ये जाणार असेल तर शेवटची तुलना काचेखाली करा. साधी काच स्वतःच प्रकाश परावर्तित करते आणि बरायटाने कमावलेला काळा त्या चमकेखाली झाकून टाकते. समोर खिडकी असलेल्या भिंतीवर ती प्रिंट लावायची असेल तर परावर्तनरोधक काचेचा खर्च करा, किंवा भिंत बदला.